आधी कान, मग वाणी

(आपल्या मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी सायंकाळच्या आरतीपूर्वी झालेल्या भाषणाचा मजकूर. अनेक सभासदांनी मागणी केल्यावरून स्मरणिकेत देत आहोत. - संपादक मंडळ)



सर्वप्रथम एक खुलासा करतो. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राचा प्राध्यापक तर नाहीच नाही. मी टेलिकम्युनिकेशनचा डिप्लोमा केलेला रेल्वेतला इंजिनिअर. केबल, कंट्रोल फोन आणि स्टेशनवरची उद्घोषणा यांत माझी वीस-बावीस वर्षे गेली. तेव्हा तान्ह्या बाळाच्या बोलण्यावर हा माणूस काय सांगणार, असे कुणाच्या मनात आले तर ते रास्तच आहे.

झाले असे, की वर्गणीच्या पहिल्या बैठकीत आपल्यातलेच एक आजोबा सहज म्हणाले, "नात दोन वर्षांची झाली, अजून बोलत नाही. घरात मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी, पोर गोंधळली. म्हणून आता आम्ही घरात मराठी बंद केली आहे." बैठक पुढे मंडपाच्या भाड्याकडे वळली, पण माझे लक्ष उडाले. कारण हेच वाक्य काही वर्षांपूर्वी मी स्वतः लोकांना सांगत फिरत होतो. त्या आजोबांची परवानगी घेऊन, नाव न सांगता, हा विषय मी आज मुद्दाम मागून घेतला आहे.

मूल बोलायला कधी शिकते? आपण म्हणतो, वर्षाच्या आसपास. पण शिकणे सुरू होते ते जन्माच्याही आधी. गर्भारपणाचे साधारण सहा महिने झाले की बाळाचा कान काम करू लागतो. पोटात शब्द स्पष्ट पोहोचत नाहीत, भिंतीपलीकडचे बोलणे ऐकू यावे तसे होते, पण आवाजाचा चढउतार आणि लय पोहोचते. 1980 साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात नवजात बाळांच्या तोंडात चोखणी दिली आणि ती कशी चोखली यावर कोणता आवाज ऐकू येईल हे ठरवले. बाळांनी परक्या बाईपेक्षा आपल्या आईचा आवाज निवडला. बाळंतिणीच्या खोलीत आत्या, मावशा कितीही असल्या तरी बाळ आईच्या आवाजाला शांत होते, हे आपल्या आज्यांना प्रयोगाशिवाय ठाऊक होतेच म्हणा.

दुसरा प्रयोग थेट आपल्याशी संबंधित आहे. कॅनडात जॅनेट वर्कर नावाच्या संशोधक बाईंनी सहकाऱ्याबरोबर 1984 साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी आपला 'त' आणि 'ट' घेतला, हिंदीतला. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना यातला फरक नीट ऐकूच येत नाही. ताट आणि टाट त्यांना सारखेच. पण इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो फरक बरोबर कळत होता! आणि दहा-बारा महिन्यांच्या बाळांना पाहावे तर बहुतेकांचा तो गेलेला. याचा अर्थ असा, की जन्मतः बाळाचा कान जगातल्या कोणत्याही भाषेसाठी उघडा असतो, आणि पहिल्या वर्षातच घरात जे कानावर पडते त्याप्रमाणे तो त्या आवाजांत पक्का होऊ लागतो. बाळ अजून एक शब्द बोललेले नसते, तोवर हे काम बरेचसे उरकलेले असते.

आपल्या 'ळ'चेच पाहा. हिंदीत तो नाही, छत्तीसगढीत नाही, बंगालीत नाही. आपल्या रेल्वे कॉलनीत 'ळ' राहतो तो तेलुगू घरांत आणि आपल्या घरांत. आपल्या मुलाच्या कानावर तो आपण नाही घातला तर कोण घालणार? लहान मूल बाळाला 'बाल' म्हणते, काळ्याला 'काला' म्हणते, त्याची चिंता करू नये. 'ळ' आणि 'र' जिभेवर उशिराच येतात. पण कानात ते आधी जावे लागतात.

हे आवाज यंत्रातून घातले तर चालतील का, असे आजकालचे पालक विचारतात. पॅट्रिशिया कूल या बाईंनी 2003 साली अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांसमोर चिनी भाषा बोलणारी माणसे बसवली. बारा बैठका झाल्या, माणसे गोष्टी सांगत, खेळणी दाखवत. बाळांना चिनी आवाजांतले भेद कळू लागले. दुसऱ्या गटाला तीच माणसे, तेच बोलणे टीव्हीवर दाखवले. काही उपयोग झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली जे सांगितले त्यात वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको, आणि दोन वर्षांच्या मुलालाही दिवसात तासापेक्षा जास्त नको, असे आहे. मोबाईल पुढे धरल्याशिवाय घास न घेणारी मुले आपल्याच मंडपात आहेत, त्यामुळे यावर जास्त बोलून कुणाला दुखवत नाही.

आता बोलण्याच्या पायऱ्या. दोन-तीन महिन्यांचे बाळ हुंकार देते, 'अग्गू' करते. सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान 'बाबाबा', 'दादादा', 'मामामा' सुरू होते. (वडील लगेच सगळ्यांना फोन करतात, की पहिला शब्द 'बाबा' म्हणाला. मीही केला होता. त्याला बाबा म्हणजे कोण हे अजून माहीत नसते, पण आनंद करून घ्यावा.) वर्षाच्या सुमारास बोट दाखवणे, टाटा करणे आणि पहिला खरा शब्द. दीड वर्षाला काही शब्द, दोन वर्षांच्या आसपास पन्नासच्या घरात, आणि दोन शब्दांची जोडणी: 'बाबा आला', 'मंमं दे'. थोडे मागेपुढे चालते. समजणे मात्र नेहमी बोलण्याच्या पुढे धावत असते. 'चिऊ कुठे आहे?' म्हटल्यावर जे बाळ खिडकीकडे पाहते, त्याने चिऊ हा शब्द शिकलेला आहे, तोंडातून निघो वा न निघो.

आणि आपली ती मंमं, दुदू, जोजो, गाई, बाऊ, हम्मा, भुभू यांची भाषा! काही सुशिक्षित मंडळी तिला नावे ठेवतात, मुलाशी शुद्धच बोलले पाहिजे म्हणतात. मला तर वाटते आपल्या आज्या हुशार होत्या. छोटा शब्द, दोनदा उच्चारलेला, उंच आणि लाडिक आवाजात, बाळाच्या तोंडाकडे पाहून. बाळ अशा बोलण्याकडे जास्त लक्ष देते, हे संशोधकांनाही दिसलेले आहे.

माझा थोरला मुलगा 2008 चा. तो बोलायला लागला तेव्हा आमच्या क्वार्टरच्या एका बाजूला तेलुगू कुटुंब, दुसऱ्या बाजूला बंगाली, घरी कामाला येणाऱ्या बाई छत्तीसगढी, आणि घरात आम्ही. दीड वर्षाचा असताना तो दुधाला 'पालु' म्हणे, कारण शेजारच्या अम्मांनी वाटी दाखवून तेच शिकवले होते. पाण्याला 'जॉल', जेवणाला 'मंमं', आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीला 'कू'. 'पालु दे' ही त्याची पहिली जोडणी, अर्धी तेलुगू, अर्धी मराठी. एकेका भाषेतले शब्द वेगळे मोजले तर पोरगा मागे वाटला असता. सगळे मिळून मोजले तर बरोबर होता. अशा मुलांचे शब्द सगळ्या भाषा मिळूनच मोजायचे असतात, हे मला फार नंतर कळले.

पुढे तो 'मी जाते', 'मी खाते' म्हणू लागला. दिवसभर आईच्या सहवासात, मग मुलगा काय बोलणार! आमच्या ऑफिसात हशा झाला. पण पाहा, हिंदीत जाता-जाती, आपल्याकडे जातो-जाते, आणि बाळासाठी तिसरे 'जातं' आहेच. एवढे गुंतागुंतीचे व्याकरण कुणी न शिकवता तीन वर्षांचे मूल उचलते. तो 'मी केलं' न म्हणता 'मी करलं' म्हणे. 'बस'चे 'बसलं', 'हस'चे 'हसलं', मग 'कर'चे 'करलं' का नाही? 'करलं' असे त्याला कुणीही ऐकवले नव्हते. याचा अर्थ तो पोपटपंची करत नव्हता, स्वतः नियम काढत होता. अशी चूक ऐकू आली तर रागावू नये. 'हो का, तू केलंस?' एवढे म्हणून पुढे जावे.

आता धाकटीविषयी. तिच्यासाठीच मी इथे उभा आहे.

ती 2014 ची. गुटगुटीत, हसरी. तीन महिन्यांची असताना छान हुंकार द्यायची, त्यामुळे आम्ही निर्धास्त. मला तेव्हा माहीत नव्हते, की ज्या बाळाला ऐकू येत नाही तेही पहिले काही महिने असेच हुंकार देते. खरा फरक पडतो तो 'बाबाबा'च्या वेळी. तो टप्पा तिच्यात आलाच नाही, आणि आमच्या लक्षात आले नाही. वर्षाची झाली तेव्हा 'आई' म्हणायची, 'ओ' म्हणायची. पुढे काही नाही. दोन्ही बोलण्यांत व्यंजन एकही नाही, हे आज लक्षात येते. आई म्हणाली, "मुली लवकर बोलतात रे." शेजारी म्हणाले, "तुमचे मिस्टरही कमीच बोलतात, बापावर गेली." कुणी मधात वेखंड उगाळून चाटवायला सांगितले, कुणी जिभेखालचा दोरा कापून घ्या म्हणाले.

वीस महिन्यांची झाल्यावर आम्ही तिला दाखवले. कुठे आणि कुणाला, ते महत्त्वाचे नाही. त्यांनी दोन मिनिटांत विचारले, "घरात किती भाषा?" आम्ही मोजून चार सांगितल्या. "मग कशी बोलेल? एकच भाषा ठेवा. हिंदी ठेवा, पुढे शाळेत तीच लागणार." कान तपासा, असे ते म्हणाले नाहीत, आणि आम्हीही विचारले नाही.

आम्ही आज्ञाधारक माणसे. त्या दिवसापासून घरात हिंदी. आता आमची हिंदी कशी? माझी ऑफिसची, सौ.ची बाजारातली. 'बैठो', 'खाओ', 'नहीं करना', 'सो जाओ'. सौ. पूर्वी पोळ्या लाटताना मुलीशी अखंड बोलायची, कणकेपासून कावळ्यापर्यंत. ते सगळे थांबले, कारण तसे बोलणे तिला हिंदीत सुचेना. माझ्या आईला तर हिंदी येतच नाही. "तिच्याशी मराठी नको बोलूस" असे मी माझ्या आईला सांगितले. ती काही बोलली नाही. नातीला मांडीवर घेऊन नुसती थोपटत बसायची. अंगाईसुद्धा म्हणेना, तीही मराठीच ना! असे सात महिने गेले. मुलगी काही बोलली नाही, आणि घरातली दोन बोलकी माणसे तिच्यापुरती गप्प झाली. त्या सात महिन्यांचा हिशेब माझ्याकडून अजून मिटत नाही.

शेवटी ओळखले कुणी, तर आईने. आम्ही सगळे म्हणत असू, की तिला ऐकू येते, गाडीचा हॉर्न झाला की बरोबर खिडकीकडे धावते. कुकरची शिट्टी झाली की दचकते. आई एके दिवशी मला म्हणाली, "हॉर्न तर आंधळ्या-बहिऱ्यालाही कळेल. तू तिच्या पाठीमागे उभा राहून हळूच हाक मार." मी मारली. नाही वळली. पुन्हा मारली. नाही वळली. मग आईने समोर येऊन ओठ हलवले, आवाज न काढता. मुलगी हसली आणि हात पुढे केले! ती तोंडाकडे पाहून आमचे बोलणे ओळखत होती.

नागपूरला नेले. दोन तपासण्या झाल्या. एकीचे नाव ओएई. कानात लहानसे बोंडूक ठेवतात, आवाज सोडतात, आणि निरोगी आतला कान त्याला जो बारीक प्रतिध्वनी देतो तो मोजतात. काही मिनिटांचे काम, दुखत नाही, एक-दोन दिवसांच्या बाळाचीही होते. दुसरी बेरा. बाळ झोपलेले असताना डोक्याला तारा चिकटवून आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का ते पाहतात. निदान असे निघाले, की दोन्ही कानांत मध्यम प्रमाणात बहिरेपणा, आणि उंच पट्टीच्या आवाजांसाठी तो जास्त.

तिथल्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी आलेख समोर ठेवला, आणि मंडळी, तो मला एका नजरेत समजला, कारण असे आलेख मी रोज पाहतो. आपल्या साध्या टेलिफोनमधून 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. 'स'चा मुख्य जोर त्याच्या वर असतो. म्हणून फोनवर नाव सांगताना 'स' की 'फ' असा घोळ होतो आणि आपण 'सीताफळातला स' म्हणून सांगतो. माझी मुलगी जन्मापासून आम्हाला खराब लाईनवरून ऐकत होती. स्वरांचा आवाज खालच्या पट्टीत, तो तिला जवळून मिळायचा, म्हणून 'आई' आणि 'ओ'. स, श, त, क, च हे तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हते. लाईन खराब असेल तर आम्ही आधी लाईन तपासतो. पलीकडच्या माणसाला भाषा बदलायला सांगत नाही. हे मला, टेलिकॉमच्या माणसाला, सात महिने सुचले नाही.

मी बाईंना विचारले, आता भाषा कोणती ठेवू? त्या म्हणाल्या, "तुम्हाला न अडखळता दिवसभर जी बोलता येते ती. आजीला बोलू द्या." दोन भाषांमुळे मूल मुके होत नाही, उशिरा बोलण्याचे ते कारण नव्हे, हे त्यांनी मला नीट समजावले. तोंडात एक, मनात एक असा कधीकधी भाषांचा खिचडा होतो, तो दोष नाही.

सव्वादोन वर्षांची असताना तिला दोन्ही कानांना यंत्रे लागली. पहिला आठवडा भयंकर. काढून फेकायची. एकदा एक यंत्र तांदळाच्या डब्यात सापडले. पण पहिल्याच दिवशी आई सुपात तांदूळ पाखडत होती, आणि ही खेळता खेळता थांबली. त्या सळसळीकडे वळून पाहत राहिली. आईने सूप खाली ठेवले नाही, बराच वेळ पाखडतच राहिली, तांदूळ स्वच्छ झाले तरी.

महिन्यातून एकदा नागपूर, बाकी सगळी मेहनत घरी. आईला मी म्हणालो, आता बोल. तिने साठवलेले सगळे बाहेर काढले. अंगाया, बडबडगीते, भाजी निवडताना गावाकडच्या गोष्टी. कामाच्या बाई 'का करत हस नोनी?' विचारू लागल्या, तेही चालू राहिले. काही महिन्यांनी पहिला व्यंजन असलेला शब्द आला, 'आजी'. मला 'बाबा'साठी आणखी तीन आठवडे थांबावे लागले. आज ती सहावीत आहे. मराठी, हिंदी दोन्ही बोलते, 'ळ' तर दादापेक्षा स्वच्छ. दमली की 'स' अजून घसरतो, आणि गोंगाटात तिला दोनदा सांगावे लागते. आधी कळले असते तर कदाचित तेही राहिले नसते. आज जगभर जो नियम मानतात तो असा: एक महिन्याच्या आत कानाची प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्के निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. आम्ही सत्तावीस महिन्यांनी पोहोचलो.

म्हणून ज्यांच्या घरी बाळ आहे किंवा येणार आहे त्यांना एवढेच सांगतो, की प्रसूतीच्या ठिकाणी 'ओएई होते का?' हे आधी विचारा. होत नसेल तर बाहेर करून घ्या. जन्मतः कानात दोष असलेली बाळे हजारात एक ते तीन तरी असतात, आणि त्यांतली बरीचशी कानात कुणालाही दोष नसलेल्या घरांतलीच असतात, आमच्यासारखी. जन्मतः तपासणी बरोबर आली तरी पुढे सर्दीने, कानात पाणी साचून ऐकू कमी येऊ शकते. वर्षाचे बाळ बाबाबा करत नसेल, बोट दाखवत नसेल, दीड वर्षाला एकही शब्द नसेल, दोन वर्षांना दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द जाऊ लागले, तर 'बोलेल हो' म्हणून वाट पाहू नका. नजरेला नजर देत नसेल तर कानाखेरीजही तपासण्या असतात, त्याही कराव्यात. सरकारी दवाखान्यातही सोय आहे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची तपासणी होते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्यासाठी केंद्रे आहेत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, म्हैसूरला 1965 पासूनची वाक् व श्रवण संस्था आहे. जिभेचा दोरा उगाच कापू नका. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. वेखंडावर माझा राग नाही, पण त्याने कान तपासले जात नाहीत.

ज्या आजोबांमुळे हे सगळे बोललो ते समोर बसले आहेत. आजोबा, नातीच्या पाठीमागे उभे राहून हळू हाक मारून पाहा. वळली तर उत्तमच, तरी तपासणी कराच. नाही वळली तर माझ्याकडे नागपूरचा पत्ता आहे, मी स्वतः सोबत येईन. आणि आज रात्रीपासून तिच्याशी मराठीत बोला.

माझी आईही आज मागच्या खुर्च्यांत बसली आहे. माझे भाषण लांबले की ती घड्याळ दाखवते, आता दाखवते आहे. आरतीची तयारी झाली आहे. एक विनंती, तान्ही बाळे घेऊन आलेल्या माताभगिनींनी ढोल आणि स्पीकरजवळ बसू नये, मागे तुळशीकट्ट्याकडे खुर्च्या ठेवल्या आहेत. झांजा पुढे वाजतील.

गणपती बाप्पा मोरया!